रांजणाचं तोंड रस्त्याकडे

आई, वडाळीचं घर विकलं. सह्या झाल्या, किल्ल्या दिल्या, आणि काल दुपारच्या गाडीने मी अकोल्याला परत आले. घराचं तुला फार वाटलं नसतं. मुलं बाहेर पडली की अशी घरं विकलीच जातात, हे तूच म्हणायचीस. पण रांजणाचं काय केलं, हे विचारल्याशिवाय तू मला घरात घेतलं नसतंस. ते नीट सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

जाहिरात धाकट्याने पुण्यात बसून लिहिली आणि इंटरनेटवर टाकली. ऐतिहासिक शहरात, तलावाच्या काठी, आधुनिक कौटुंबिक घर. तीन बेडरूम, मॉड्युलर किचन, छतावर सोलर, वरच्या गॅलरीतून तलावाचं दृश्य. वाचून मला वाटलं, हे घर आपल्याला तरी परवडलं असतं का! मी त्याला फोन करून म्हटलं, अरे, उन्हाळ्यात कुणी बघायला आलं तर तलावात भेगा आणि बकऱ्या दिसतील, तेव्हा बकऱ्यांचं दृश्य असंही लिहून ठेव. तो हसला. फोटो त्याने गेल्या पावसाळ्यानंतरचे लावले होते, तलाव काठोकाठ भरलेला. घराचा फोटो असा काढला होता की कंपाउंडची भिंत अर्ध्यात कापली गेली होती. भिंतीतला कोनाडा आणि त्यातला रांजण कुठेच नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, आपण पाणपोई नाही विकत, घर विकतोय." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी त्याच्याशी पुढे धड बोलले नाही.

अमरावतीत जुन्या परकोटाच्या आतली ती भाड्याची खोली तुला आठवत असेलच. मला तिथला नळ आठवतो, सगळ्या बिऱ्हाडांत एक. तू दवाखान्याच्या ड्यूटीवरून यायचीस तोवर पाणी जाऊन बसलेलं असायचं आणि घरमालकीण दारात उभी राहून कुणी किती घागरी नेल्या ते बघायची. तेव्हाच तू ठरवलं असावंस की घर बांधीन तर पाण्याशेजारी. बाबा म्हणत होते, स्टँडजवळ घ्यावं, कंडक्टरला बरं पडतं. तू ऐकलं नाहीस. वडाळीला तेव्हा नुसती वावरं आणि धुरे होते, रात्री कोल्हे ओरडायचे असं लोक सांगायचे. "रोज पानी दिसलं पाह्यजे," एवढंच तू म्हणालीस, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा सगळ्यांच्या आधी तूच हसलीस.

बांधकाम चालू असताना मी शाळेत होते. रविवारी तू मला साइटवर घेऊन जातेस, हातात डबा, पायांत ड्यूटीच्या पांढऱ्या चपला. मिस्त्री मोठ्या कौतुकाने तुला भिंतीतला कोनाडा दाखवतो. तू सांगितल्याप्रमाणे त्याने तो बांधला आहे, वर छोटी स्लॅब, खाली वाळू टाकायला खोलगट जागा, सगळं देखणं. फक्त कोनाड्याचं तोंड आत, अंगणाकडे आहे. घरातल्या माणसांसाठीच असणार, असं तो धरून चालला. कोनाडा म्हटला की दिवा, नाहीतर देव. तू दोन मिनिटं बघत राहतेस आणि म्हणतेस, तोडा. तो आधी हसण्यावारी नेतो, मग चिडतो. "बाई, रस्त्यानं जानाऱ्या मानसाईसाठी कोनाडा कोन बांधते?" तू म्हणतेस, "मी." ओल्या विटा तुझ्यासमोर उतरवल्या जातात. तोंड रस्त्याकडे होतं, आणि आतल्या बाजूला एक लहान खिडकी राहते, पाणी भरायपुरती. आतून भरायचं, बाहेरच्याने प्यायचं. हाक मारायची नाही, फाटक वाजवायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही. मला तेव्हा तो हट्टीपणा वाटला होता. बाबांनाही वाटला, आणि घरी आल्यावर त्यांनी तो बोलूनही दाखवला.

त्याचं मूळ कुठे होतं ते मला माहीत होतं, पण जोडता आलं नव्हतं. तू नांदगाव खंडेश्वरकडच्या खेड्यांत फिरायचीस, तेव्हा सुट्टीत कधीकधी मला बरोबर न्यायचीस. एका घरी तू आदल्या महिन्यात बाळंतपण केलेलं. त्या दिवशी बाळाला टोचायला गेलो होतो. आजीबाईंनी बाळ तुझ्या मांडीवर दिलं, तुझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, सिस्टरबाईमुळे माझी सून वाचली म्हणून शेजारणीला सांगितलं. मला तहान लागली होती. आजीबाई तांब्या घेऊन आल्या आणि ओसरीवरूनच म्हणाल्या, धर बाई ओंजळ. मी धरली. त्यांनी वरून पाणी ओतलं आणि मी प्यायले, गार होतं, मला छान वाटलं. तू तुझ्या पिशवीतून फिरकीचा तांब्या काढलास, झाकण फिरवलंस आणि आपलं पाणी प्यायलीस. आजीबाईंना हसून म्हणालीस, मले दवाखान्याचं पानी लागते, डॉक्टरनं सांगतलं. एसटीत बसल्यावर तू तांब्याचं झाकण पुन्हा घट्ट फिरवलंस. मग म्हणालीस, "तहान लागली का मले सांगत जाय. ओंजळ नको धरू. पानी आपल्या हातानं घेता आलं पाह्यजे." मला अकोल्याला नोकरी लागली तेव्हा इतर आयांनी मुलींना काय काय दिलं. तू मला तो फिरकीचा तांब्या दिलास. मी म्हटलं, आता बाटल्या मिळतात गं आई. तू म्हणालीस, मग बाटली घे आणि ह्यात लोणचं ठेव. त्यात अजूनही लोणचंच आहे.

होळी झाली की रांजण बाहेर यायचा. तू त्याला आतून घासायचीस, एक रात्र पाणी भरून ठेवायचीस, मग कोनाड्यात वाळूवर बसवून भोवती ओलं पोतं गुंडाळायचीस. मृग लागेपर्यंत रोज सकाळी ड्यूटीला जायच्या आधी तो भरलेला असायचा. झाकणावर एक स्टीलचा ग्लास. साऱ्या गावात पाणपोईचा ग्लास साखळीने बांधलेला असतो, तुझा मोकळा. त्यामुळे तो चोरीला जायचा. तू दुसरा ठेवायचीस, तोही जायचा. बाबा वैतागून म्हणायचे, ग्लासाईचं दुकान लावलं काय तुनं? एकदा ते बाजारातून साखळी घेऊन आले. तू ती साखळी गच्चीच्या दाराला लावलीस आणि त्यांना म्हणालीस, "नेला तर नेला. त्याच्या घरी नसन." बाबांनी मग आपल्या घरातले नावं टाकलेले चांगले ग्लास कपाटात वर ठेवून दिले.

आता शेजारच्या काकूंबद्दल. आपण राहायला गेलो तेव्हा त्यांचं घर लेआउटमधलं सगळ्यांत मोठं. गावी संत्र्याची बाग, दारात जीप. आल्या आल्या त्यांनी आपलं गाव विचारलं, मग आडनाव, मग मामाचं आडनाव, आणि मग विचारायचं थांबल्या. वागायला वाईट कधीच नव्हत्या. हरभऱ्याचा ढाळा द्यायच्या, बागेतली संत्री पाठवायच्या. पण त्यांची मुलं भर उन्हात खेळताना आपला रांजण ओलांडून घरी पळत जायची पाणी प्यायला, आणि काकू इंजेक्शन घ्यायला आपल्याकडे आल्या की चहाला नेहमी "आत्ताच झाला." त्या गेल्या की तू ओट्यापाशी उभी राहून हसायचीस. सुई चालते माह्या हातची, चहा चालत नाही, म्हणायचीस. आम्ही चिडायचो. तू चिडलीस असं मला कधी दिसलं नाही. आतून काय होत असेल ते मला आता या वयात थोडंथोडं कळतं.

मग ती मे महिन्यातली दुपार. मी कॉलेजात होते. लाइट गेलेली, कूलर बंद, आपण दोघी स्वयंपाकघरात. तू ओट्याशी कांदा चिरते आहेस, मी फरशीवर पाय पसरून पडले आहे. खिडकीतून तुला कोनाडा दिसतो. तू एकदम हात थांबवतेस. मी उठून बघते, तर काकू. बाजारातून आलेल्या, पिशव्या खाली ठेवलेल्या, पदराने तोंड पुसताहेत. इकडे तिकडे बघतात, ग्लास उचलतात, रांजणात बुडवतात आणि पितात. एक पिऊन झाला, तर दुसरा घेतात. मला हसू आवरेना. खिडकीतून ओरडून विचारावं, काकू, कसं काय पाणी, असं माझ्या अगदी ओठांवर आलेलं. तू ओल्या हाताने माझा दंड धरून मला मागे ओढलंस आणि स्वतःही खिडकीतून मागे सरकलीस, फ्रीजच्या आडोशाला. इतकं जोरात ओढलंस की दंडावर कांद्याच्या हाताची बोटं उमटली. "पानी पेत्या मानसाले टोकू नाई," तू दबक्या आवाजात म्हणालीस. "तिले सुखानं पेऊ दे." तुझा आवाज चढला नव्हता, पण तेवढं तू मला कधी रागावली नाहीस. काकू फाटक उघडून आपल्या घरी गेल्या. तू पुन्हा कांदा चिरायला लागलीस. संध्याकाळी बाबांनाही सांगितलं नाहीस. पुढे कधीतरी काकू आपल्याकडे चहा घेऊ लागल्या. नेमकं कधीपासून ते कुणाच्याच लक्षात नाही.

तू गेलीस आणि पहिल्या होळीला बाबांनी न सांगता रांजण काढला. मी बघतच राहिले. जन्मभर कुरकुर केलेला माणूस गुडघे धरत धरत पोतं भिजवत होता. ग्लास गेला की मला फोन करून सांगायचे, आज गेला तुझ्या मायचा ग्लास, आणि त्या आवाजात कौतुक असायचं. धाकट्याने घराला नवं रूप दिलं, खिडक्या बदलल्या, किचन बदललं, पण कोनाड्याला बाबांनी हात लावू दिला नाही. गेल्या पावसाळ्यात तेही गेले. घर बंद झालं.

चैत्रात गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून मी अमरावतीला गेले. रिक्षातून उतरले तर रांजण भरलेला, पोतं ओलं, झाकणावर ग्लास, आणि एक पेपरवाला सायकल टेकवून पाणी पितोय. मला क्षणभर वाटलं की तू आत आहेस. खोटं कशाला बोलू, मी कुलूप उघडायच्या आधी दाराशी उभी राहून रडून घेतलं. मग काकूंकडे गेले. आता सत्तरीच्या पुढे आहेत, काका गेले, मुलं पुण्याला आणि परदेशात, गुडघ्याला पट्टा. मी विचारलं, रांजण कोण भरतं? काकू म्हणाल्या, "कोन म्हनजे? मीच. उनाळा काय कोनाच्या मरन्यासाठी थांबते, बाई?" त्यांच्या भिंतीवरून आपल्या अंगणात रबरी पाइप टाकलेला होता.

गिऱ्हाईक चांगलं निघालं, हे मी तुला आवर्जून सांगते, नाहीतर तू उगीच त्यांच्याबद्दल मनात काही धरशील. अंजनगाव सुर्जीकडचं तरुण जोडपं, दोघं नोकरीवाले, एक लहान मुलगी. मुलगी गॅलरीतून आटलेल्या तलावातल्या बकऱ्या बघून इतकी खूश झाली की धाकट्याची जाहिरात खरी ठरली. सगळं त्यांना आवडलं. फक्त दोन गाड्या आहेत, म्हणून दुसरं फाटक लागणार, आणि ते काढायला जागा एकच, कोनाडा आहे तिथे. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, ताई, ही भिंत काढली तर चालेल ना? घर त्याचं होणार, आणि तो मला विचारत होता. मी म्हटलं, तुमचं घर, तुमची भिंत. मग उगाच सांगत बसले की इथे पाणी फार गार राहतं, रस्त्यावर सावली नाही, लोकांना सवय आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं माझं. तो ऐकून घेत होता. एक वाक्य मी बोलले असते, एवढा कोनाडा ठेवा, तर कदाचित त्याने ठेवलाही असता. पण ते वाक्य निघेना. तुझ्या रांजणासाठी मी कुणापुढे ओंजळ धरायची, हे मला जमेना आणि तुला चाललं नसतं. कोनाडा जाणार हे काकूंच्या कानावर घातलं आणि घरातच फिरत राहिले दोन दिवस. धाकटा फोनवर म्हणत होता, ताई, अडून नको बसू. मी अडून बसले नव्हते. विकू नये, असं एकदा मनात आलं हे खरं, पण बंद घरासमोरचा रांजण काकूंच्या गुडघ्यावर किती दिवस चालणार होता?

सह्यांच्या आदल्या सकाळी विटांवर हातोड्याचा आवाज आला. मला वाटलं, नव्या मालकाने घाई केली. बाहेर येऊन बघते तर आवाज काकूंच्या भिंतीवर. एक मिस्त्री त्यांच्या कंपाउंडच्या विटा काढत होता आणि काकू रस्त्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून, डोक्यावर पदर घेऊन, त्याच्यावर नजर ठेवून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, कोनाड्याचं तोंड रस्त्याकडेच करतो म्हनते, पन मी उठली का हा आतल्या बाजूनं करीन, म्हनून बसली. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा हात धरून खुर्चीच्या दांडीवर ठेवला.

"तुह्या मायनं मले कधी बोलून दाखवलं नाई," काकू म्हणाल्या. "मी पहिल्यानं पानी पेली तवा ती खिडकीत होती. मांगं सरकली. तिले वाटलं, मले दिसली नाई."

मग मिस्त्रीवरची नजर न काढता म्हणाल्या, "मले दिसली होती."

आई, एवढं सांगायला मी हे सगळं लिहिलं. त्यांनी तुला बघितलं होतं. तू फ्रीजच्या आड गेलीस, कांदा हातात घेऊन, आणि तुला वाटलं की काकूंना काही कळलं नाही. त्यांना त्याच दिवशी कळलं. पुढची सगळी वर्षं तुमच्या दोघींत चहा झाला, लोणची झाली, भांडणंसुद्धा झाली नळाच्या पाण्यावरून, पण त्याबद्दल तू काही बोलली नाहीस आणि त्याही नाही. तू गेलीस तेव्हा काकू तुझ्या पायांशी इतका वेळ का बसून होत्या, हे मला आत्ता कळतंय. मला तुझा अभिमान वाटला, आणि तू हे ऐकायला नाहीस याचा राग आला, आणि दोन्ही एकदम सहन होईना म्हणून मी मिस्त्रीलाच उगाच म्हटलं, भाऊ, स्लॅबला जरा उतार द्या, पाणी साचेल.

दुसऱ्या दिवशी सह्या करून आल्यावर भाजीवाल्याच्या हातगाडीवरून रांजण हलवला. जायचं होतं चार पावलं, पण काकू त्याला सारखं हळू हळू म्हणत होत्या. वाळूवर बसवला, पोतं गुंडाळलं, पाणी भरलं. नवा मालक फाटकाचं माप घ्यायला आला होता, त्यानेही एक बादली आणून ओतली आणि म्हणाला, काकू, आमच्या नळाला पाणी आलं की मी भरत जाईन. मागावं लागलं नाही. काकूंनी त्याला लगेच सांगून टाकलं की सकाळी लवकर भरायचं, उन्हं चढल्यावर भरलेलं पाणी गार होत नाही.

गाडीला वेळ होता. मी बॅग खाली ठेवली, रस्त्यावर उभी राहिले आणि रांजणात ग्लास बुडवून पाणी प्यायले. मग माझ्या लक्षात आलं की हे पाणी मी पहिल्यांदाच पितेय. आपल्याला आत फ्रीज होता, आपण कशाला रस्त्यावर येऊन प्यायला जातो? मातीचा वास, दातांना न लागणारा गारवा. एक पिऊन झाला, तर दुसरा घेतला. काकू ओसरीवर होत्या. मी वर बघितलं, तर त्या वळून आत चालल्या होत्या.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, लोणच्याच्या तांब्याशेजारी राहील. जाता जाता एक कबूल करते, बाबा असते तर त्यांनी लगेच मलाच फोन लावला असता. ग्लास मी आणला. बॅगेत घातला, कुणाला सांगितलं नाही, सध्या इथे माझ्यासमोर टेबलावर आहे. काकूंनी एव्हाना दुसरा ठेवला असेल. माझ्या घरी नव्हता, आई.